मानसिक ताण, प्रतिकारसंस्था आणि ॲलर्जीजन्य इसब

परीक्षेचे दिवस जवळ आले की काही विद्यार्थ्यांच्या कोपराच्या घडीत व गुडघ्यामागे खाज वाढते आणि त्वचा लाल होऊन चिघळते. या विकारास वैद्यकात ‘ॲटोपिक डर्मेटायटिस’ म्हणतात. बोलीभाषेत तो इसब या नावाखाली येतो. ताणाने इसब वाढतो, हे रुग्ण पूर्वीपासून सांगत आले आहेत. प्रस्तुत लेखात त्यामागील कारणमीमांसा पाहावयाची आहे.

येथे प्रथमदर्शनी एक विसंगती जाणवते. ताणाच्या प्रसंगी हायपोथॅलॅमस व पीयूषिका ग्रंथी यांच्या संदेशाने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवते. कॉर्टिसॉल दाह शमविते. इसबावर लावावयाची स्टेरॉइड मलमे याच वर्गातील होत. मग ताणाने इसब कमी व्हावयास हवा, तो वाढतो का?

याचे एक उत्तर असे, की कॉर्टिसॉल आणि नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये प्रतिकारसंस्थेस सरसकट दडपत नाहीत. मदतनीस टी पेशींपैकी पहिल्या प्रकारच्या पेशींना ती अधिक आवर घालतात; त्यामुळे तोल दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडे झुकतो. इंटरल्युकिन-४ व इंटरल्युकिन-१३ ही ॲलर्जीस पोषक द्रव्ये याच पेशी निर्माण करतात. दुसरे असे, की जर्मनीतील बुस्के-किर्शबाउम व सहकाऱ्यांना १९९७ मध्ये इसबग्रस्त मुलांत ताणाच्या चाचणीनंतर होणारी कॉर्टिसॉलची वाढ निरोगी मुलांपेक्षा कमी आढळली. म्हणजे दाह आवरणारी यंत्रणाच येथे मंद असते. शिवाय त्वचेतील मज्जातंतूंची टोके ‘सबस्टन्स पी’ सोडतात, त्याने मास्ट पेशी उद्दीपित होतात आणि खाज भडकते.

प्रयोगशाळेबाहेरील पुरावा जपानमधून मिळाला. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. कोदामा व सहकाऱ्यांनी तेथील इसबाच्या रुग्णांची पाहणी करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अतिनुकसानग्रस्त भागातील ३८ टक्के आणि अल्पनुकसानग्रस्त भागातील ३४ टक्के रुग्णांचा विकार बळावला होता. भूकंपाची झळ न पोहोचलेल्या भागात हे प्रमाण केवळ ७ टक्के होते. धूळ, पाण्याची टंचाई, औषधांत पडलेला खंड यांचाही वाटा अशा प्रसंगी असतोच, हे नाकारता येत नाही. विशेष म्हणजे थोड्या रुग्णांचा त्रास उलट कमी झाला. ताणाचा परिणाम एकाच दिशेने होतो, असे मानणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

अध्यापकांना जवळचा वाटेल असा एक प्रयोग अमेरिकेत झाला. त्वचेवर चिकटपट्टी वारंवार लावून-काढून तिचा बाह्य थर विरळ करण्यात आला. तो पूर्ववत होण्यास सुटीनंतरच्या दिवसांपेक्षा परीक्षेच्या आठवड्यात अधिक वेळ लागला, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. हे विद्यार्थी त्वचारोगी नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. इसबात हा थर मुळातच दुबळा असतो. त्यातून परागकण, धुळीतील कीटकांचे अंश व जिवाणू आत शिरतात.

तथापि ताण हे इसबाचे मूळ कारण नव्हे. आनुवंशिकतेचा त्यात मोठा भाग आहे. फिलाग्रिन प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. म्हणून “हे सारे तुझ्या मनाचे आहे” असे विद्यार्थ्यास सुनावणे शास्त्रास धरून नाही, आणि त्याने ताणात भरच पडते. रात्री खाजेने झोप मोडते, अपुऱ्या झोपेने ताण वाढतो आणि ताणाने पुन्हा खाज. हे चक्र तोडण्यासाठी मलम व आर्द्रता राखणारे लेप यांना खाजविण्याची सवय पालटणाऱ्या मानसोपचाराची जोड दिली जाते. मलम थांबवून केवळ मनःशांतीचे उपाय करणे मात्र अंगाशी येते.