हिंगण्याचे एक वावर

नागपूरची मेट्रो लोकमान्य नगरला संपते. पुढे एमआयडीसीचे कारखाने मागे टाकून हिंगण्याच्या पलीकडे गेले, की काळ्या जमिनीतली पऱ्हाटी दिसू लागते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी मी असाच जाऊन पोहोचलो. मराठीचा मास्तर शेतीवर लिहू लागला म्हणजे वाचकांनी सावध व्हावे, हे मला मान्य आहे. पण मी शिकवायला गेलो नव्हतो. एक प्रश्न घेऊन गेलो होतो. पंचवीस-तीस वर्षे खते-औषधे वापरलेला कास्तकार एके दिवशी ती का सोडतो?

भूमातेविषयी काही उदात्त ऐकायला मिळेल अशी माझी समजूत. विद्यार्थ्याच्या वडिलांनी (गावात त्यांना सगळे भाऊच म्हणतात) पडवीत खाट टाकली, चहा सांगितला आणि कपाटातून एक लाल वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"वाचा जी सर. तुम्ही त वाचणारे माणूस."

वही कृषी केंद्राच्या उधारीची होती. पानोपानी बियाण्याच्या थैल्या, डीएपी, युरिया, फवारणीच्या बाटल्या. मृगात माल उचलायचा आणि कापूस विकला की पैसे द्यायचे, हा इथला रिवाज. साल बदलते तशी बाटल्यांची नावे वाढत जातात, आणि पानाच्या तळाची 'बाकी' काही केल्या सरत नाही.

बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. प्रथम फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे भाऊही कबूल करतात. पण बियाणे संकरित. घरची सरकी पेरून भागत नाही, दर वर्षी थैली विकत घ्यायची. पुढे गुलाबी बोंडअळीला बीटीचे विष पचू लागले आणि २०१७ साली तिने विदर्भात बोंडेच्या बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, कोंदट हवा, तोंडाला फार तर रुमाल. त्याच दिवसांत भाऊ वावरातून ओकाऱ्या काढीत घरी आले होते. दोन दिवस डोळ्यांपुढे अंधारी. तिसऱ्या दिवशी वहिनींनी फवारणीचा पंप उचलला आणि गोठ्यामागे नेऊन टाकला.

"अर्धं कारण हे वही," वहिनींकडे हात करीत भाऊ म्हणाले, "अन् अर्धं हे."

तत्त्व आले ते त्यानंतर. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांची पद्धत भाऊंच्या कानावर होतीच. एकरासाठी २०० लिटर पाणी, त्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत आंबवले की जीवामृत तयार. खत म्हणून नव्हे, जमिनीतले जिवाणू वाढावेत म्हणून ते द्यायचे, असे पाळेकरांचे म्हणणे. शास्त्रज्ञांचे त्यावर एकमत नाही. मला खटकते ते 'झिरो बजेट' हे नाव. गूळ-बेसन वाणी फुकट देत नाही, आणि ज्याच्या गोठ्यात जनावर उरले नाही त्याने शेण आणावे कोठून? भाऊंकडे एक गाय आणि बैलजोडी आहे, म्हणून त्यांचे जमले.

किडीसाठी निंबोळी अर्क. पऱ्हाटीच्या तासांमध्ये तूर आणि मूग. ही मिसळ तर त्यांच्या आजोबांच्याच काळची. मूग दिवाळीच्या आधी घरात येतो, म्हणजे कापसाची वाट न पाहता हातात चार पैसे येतात. तुरीचा पाला गळून जमिनीतच मुरतो. पहिल्या वर्षी कापूस कमी आला आणि शेजारी हसले. "हसू द्या न. त्या वावराच्या नावानं वहीत काही लिवलं नव्हतं," भाऊ म्हणाले.

खरी अडचण निंदणाची. एमआयडीसीत सावलीतले काम मिळत असताना उन्हात वाकायला कोण येणार? मग ते काम घरच्या हातांवर, म्हणजे बहुतेक वहिनींवर येते. त्या मजुरीचा आकडा लाल वहीत मला कुठेच सापडला नाही. विचारले, तेव्हा वहिनीच हसल्या आणि भाऊ चहाच्या कपात पाहू लागले.

श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचे पीक घसरले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. ही हकीकत सांगितली तेव्हा भाऊंना मोठे नवल वाटले.

"साऱ्या देशाचं वावर एका सालात? मी त पाचातले दोन एकर केले जी. बाकीच्या तिनावर जुनंच चालू हाय. पोरीचं लगन व्हायचं हाय सर, तिथं धोका नाही घेता येत."

"मग त्या तीन एकरांत फवारणी कोण करतो?"

"मजूर लावतो," ते म्हणाले, आणि वही कपाटात ठेवायला उठले.