हीटर घेताय? आधी खोली मोजा, मग सॉकेट बघा

डिसेंबरात सडक अर्जुनीला घरी गेलो की आई रात्री कोळशाची शेगडी खोलीत आणायची. यंदा मी हीटर घेतला. हिशोब सोपा आहे: साधारण दर चौरस फुटाला 10 वॅट. म्हणजे 10 बाय 10 च्या खोलीला 1000 वॅट पुरे. तासाला 1 युनिट जळतं. 2000 वॅटचा हीटर जवळपास 9 अँपिअर ओढतो. तो 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावला तर वायर तापते. 16 अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं. एक्स्टेंशन बोर्ड नकोच.

आणि बंद खोलीत शेगडी कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जाऊ शकतो. आईला हे पटवायला दोन रात्री लागल्या. आता शेगडी अंगणात असते.