दुकानाचा ऑनलाइन सर्च रखडतोय? सर्व्हर वाढवायच्या आधी सेगमेंट बघा

ऑनलाइन कॅटलॉगच्या व्हिडिओत ‘सेगमेंट मर्ज’ हा शब्द येऊन गेला. व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

हा विषय फक्त डेव्हलपर लोकांचा आहे असं समजू नका, कारण बिल तुम्ही भरणार आहात. आपल्या डोंगरकड्याच्या भागात केळीचे मळे, तिकडे वसमतला हळद. ठिबकचं सामान विकणाऱ्यानं वेबसाइट काढली असं धरा. मृग बागेच्या लागवडीचे दिवस, शेतकरी मोबाइलवर ‘लॅटरल १६ एमएम’ टाकतो आणि चाक नुसतं फिरत राहतं. तो दोन सेकंद थांबतो, मग नांदेडच्या दुकानदाराला फोन लावतो. डेव्हलपर म्हणतो, सर्व्हर मोठा घ्या. महिन्याचं भाडं दुप्पट! कधीकधी ते खरंच लागतं. पण त्याआधी एक गोष्ट तपासायची असते.

अशा सर्चसाठी बहुतेक ठिकाणी इलॅस्टिकसर्च किंवा ओपनसर्च वापरतात. इलॅस्टिकसर्च शाय बॅनन यांनी २०१० मध्ये आणलं, ओपनसर्च २०२१ मध्ये त्यातूनच फुटून निघालं. दोघांच्या पोटात इंजिन एकच, ल्युसीन. ते डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलं. म्हणून पुढचं सगळं दोन्हींना लागू आहे, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आता ल्युसीन लिहितं कसं? आपल्या उधारीसारखंच. गर्दीत आपण कच्च्या वहीत पटापट लिहितो, रात्री निवांत बसून खतावणी करतो. ल्युसीनमध्ये नवा माल, नवा भाव आला की तो एका छोट्या फाइल-गठ्ठ्यात जातो. त्याला सेगमेंट म्हणतात. नियम असा, की सेगमेंट एकदा लिहिला की त्यातला मजकूर बदलत नाही. पेननं लिहिलेलं खोडरबरानं पुसता येत नाही ना, तसं. एंड कॅपचा भाव ४ वरून ५ रुपये केला तर जुन्या नोंदीवर काट मारली जाते आणि अख्खी नोंद नव्या सेगमेंटमध्ये परत लिहिली जाते. फक्त भाव नाही, नाव, वर्णन, साइझ, सगळं. काट मारलेली जुनी नोंद डिस्कवर तशीच पडून राहते.

इलॅस्टिकसर्च मुळात दर १ सेकंदाला नवं लिखाण सर्चसाठी खुलं करतं, त्याला रिफ्रेश म्हणतात. सतत लिहिणं चालू असेल तर दर रिफ्रेशला एक चिमुकला सेगमेंट तयार होतो. ग्राहकानं शब्द टाकला की प्रत्येक सेगमेंट चाळावा लागतो. दहा वह्या चाळणं वेगळं आणि शंभर वेगळं. म्हणून मागच्या मागे मर्ज चालतं: साधारण सारख्या आकाराचे सेगमेंट उचलायचे, जिवंत नोंदी एका मोठ्या सेगमेंटमध्ये उतरवायच्या, काट मारलेल्या गाळायच्या आणि जुने फेकून द्यायचे. थोडक्यात, खतावणी.

मर्ज आपला शत्रू नाही, हे आधी डोक्यात घ्या. फक्त ते फुकट होत नाही. जुनं वाचायचं, नवं लिहायचं, आणि काम संपेपर्यंत दोन्ही प्रती डिस्कवर ठेवायच्या. त्याच डिस्कवर, त्याच वेळी तुमचा ग्राहक लॅटरल शोधतोय. मर्ज फारच मागे पडलं तर इलॅस्टिकसर्च स्वतःच नव्या लिखाणाचा वेग कमी करतं.

मग एवढं मर्ज येतं कुठून? खरी गोम इथे आहे. समजा ४०,००० वस्तूंचा कॅटलॉग आहे आणि बिलिंग सॉफ्टवेअरमधून दर १० मिनिटांनी सगळा स्टॉक नव्यानं पाठवायची सोय केलीय. दिवसात १४४ वेळा. म्हणजे रोज ५७ लाख ६० हजार नोंदी लिहिल्या गेल्या आणि जवळपास तेवढ्याच काट मारल्या गेल्या. प्रत्यक्षात दिवसभरात किती वस्तूंचा भाव किंवा स्टॉक हलला? समजा ५००. उरलेलं सगळं लिखाण कशासाठी? अशा ठिकाणी मोठा सर्व्हर घेणं म्हणजे गळक्या टाकीला मोठी मोटर बसवणं.

डेव्हलपरला सांगा, बिलिंगमधून फक्त बदललेल्या वस्तू पाठव. ते लगेच जमत नसेल तर अख्खी नोंद परत लिहिण्याऐवजी ‘अपडेट’ पद्धतीनं बदललेला भाग पाठवायला लावा. त्यात इलॅस्टिकसर्च आधी जुनी नोंद वाचून बघतं, आणि काहीच बदललं नसेल तर लिहीतच नाही. वाचायचा थोडा खर्च येतो, पण काट आणि मर्ज वाचतं. माझं मत विचाराल तर दर विक्रीला हलणारा स्टॉकचा आकडा सर्चमध्ये ठेवूच नये. सर्चमध्ये ‘आहे’ किंवा ‘संपलं’ एवढंच पुरे, नेमका आकडा मुख्य डेटाबेसमधून दाखवावा.

रिफ्रेशसुद्धा १ सेकंदावर कशाला हवा? आपण काय शेअर बाजार चालवत नाही. नवा भाव ३० सेकंदांनी दिसला तर कुणाचं अडत नाही. पहिल्यांदा अख्खा कॅटलॉग चढवताना तर रिफ्रेश पूर्ण बंद आणि रेप्लिका शून्य ठेवतात, काम झालं की दोन्ही पूर्ववत करतात. रेप्लिका म्हणजे दुसऱ्या मशीनवरची जादा प्रत. अशा दोन-चार मशीनच्या जुळणीला क्लस्टर म्हणतात. इलॅस्टिकसर्चमध्ये नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक प्रत आपलं लिखाण आणि मर्ज स्वतः करते, त्यामुळे एक रेप्लिका वाढवली की हे कामही तेवढंच वाढतं. ओपनसर्चमध्ये तयार सेगमेंटच दुसरीकडे पाठवायची सोय आहे. मशीन बंद पडलं तर दुकान चालू राहावं म्हणून एक रेप्लिका हवीच, पण उगाच तीन नकोत.

हे सगळं तपासायला फार शिकावं लागत नाही. डेव्हलपरला ‘कॅट इंडायसेस’ची यादी काढायला सांगा. त्यात जिवंत नोंदी आणि डिलीटेड नोंदी शेजारी-शेजारी दिसतात. ४०,००० जिवंत आणि ३०,००० डिलीटेड दिसल्या, आणि दिवसभर आकडा असाच चढता राहिला, तर लिखाण फार होतंय. ‘कॅट सेगमेंट्स’मध्ये किती गठ्ठे आणि केवढे तेही कळतं. सोबत डिस्क बघा. ८५ टक्के भरली की त्या मशीनवर नव्या प्रती ठेवणं थांबतं, ९५ टक्क्यांना तिथल्या इंडेक्सवर लिहिणंच बंद होतं. मर्जला मोकळी जागा लागते हे वर आलंच आहे, त्यामुळे डिस्क काठोकाठ भरलेली चालत नाही.

आता एक सल्ला हमखास मिळेल: ‘रोज रात्री फोर्स मर्ज लावून टाकू.’ म्हणजे सगळे सेगमेंट जबरदस्तीनं एकात कोंबायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे छान दिसतात. पण कॅटलॉग रोज बदलतोय, संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच, आणि रात्री अख्खी डिस्क परत घुसळायची. इंडेक्स मोठा असेल तर त्रास आणखी वेगळा. नेहमीचं मर्ज ५ जीबीच्या वर सेगमेंट वाढू देत नाही. जबरदस्तीनं त्याहून मोठा केला, की त्यातल्या बहुतेक नोंदींवर काट पडेपर्यंत नेहमीचं मर्ज त्याला हात लावत नाही. मग कचरा आत साचत जातो.

फोर्स मर्जची जागा आहे, पण ती वेगळी. जुन्या ऑर्डर आणि बिलं सर्चमध्ये ठेवत असाल तर सगळी एकाच इंडेक्समध्ये ओतू नका, वर्षाला किंवा महिन्याला नवा इंडेक्स काढा. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली की जुनीत आपण लिहीत नाही, फक्त कधीतरी उघडून बघतो. लिहिणं कायमचं थांबलेल्या अशा जुन्या इंडेक्सला एकदाच, रात्री गर्दी नसताना फोर्स मर्ज करावं. आणि तो इंडेक्स आधी ‘फक्त वाचण्यासाठी’ करून घ्या, नाहीतर बिलिंगमधून एखादी जुनी पावती दुरुस्त होऊन परत त्यात येऊन पडते.