रुग्णनोंदींना थेट प्रश्न

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांचा तक्ता असतोच. देणगीदार आणि हितचिंतक तो पाहतात व पान उलटतात. त्यातील आकडा येतो कोठून, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः आकडा काय निघेल, हे प्रश्न कसा विचारला यावर बरेच अवलंबून असते. म्हणून ती प्रक्रिया येथे थोडी विस्ताराने मांडीत आहोत.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी कार्यरत खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. या साऱ्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास द्यावा लागतो.

हा हिशेब संगणकातील विदागारातून, म्हणजे डेटाबेसमधून, निघतो. एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली आयबीएम कंपनीत असताना मांडलेली कल्पना आजही त्याच्या मुळाशी आहे. सर्व माहिती एकाच मोठ्या वहीत न कोंबता वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवावी आणि समान क्रमांकाने ते तक्ते जोडावेत, अशी ती कल्पना. सुरगाण्याची एखादी महिला वर्षात तीनदा भरती झाली, तर तिचे नाव व गाव रुग्णांच्या तक्त्यात एकदाच राहते. भरतीच्या तक्त्यात तीन ओळी येतात आणि दोन्हींना तिचा रुग्ण क्रमांक बांधून ठेवतो.

रोजच्या कामासाठी पडद्यावरचे ठरावीक अर्ज व अहवाल पुरतात. परंतु ते तयार करणाऱ्याच्या मनात न आलेला प्रश्न पडला, की ते निरुपयोगी ठरतात. अशा वेळी आज्ञा टंकित करण्याची साधी काळी खिडकी उघडावी लागते. पोस्टग्रेस्क्यूएल या विनामूल्य प्रणालीत तिचे नाव पीएसक्यूएल. अनोळखी वाड्यात शिरल्यावर आधी दालने पाहावीत, तसे येथेही करावे. बॅकस्लॅश, डी, टी एवढे टंकित केले की तक्त्यांची यादी येते. बॅकस्लॅश, डी आणि पुढे तक्त्याचे नाव दिले की त्यातील रकाने दिसतात. मग मुख्य प्रश्न: 'सिलेक्ट' म्हणजे काय हवे, 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या तक्त्यातून, 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर. शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. तो न दिल्यास यंत्र मुकाट्याने वाट पाहत राहते आणि नवशिक्यास ते बंद पडल्यासारखे वाटते.

खरी कसोटी पुढे आहे. 'किती निर्धन रुग्णांवर उपचार झाले?' या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले असतात. माणसे मोजावयाची, भरतीच्या नोंदी मोजावयाच्या, की खाटेवर काढलेले दिवस? वरील महिला पहिल्या मोजणीत एक, दुसऱ्या मोजणीत तीन. योजना खाटांविषयी बोलते. म्हणून आमच्या मते तिच्याशी ताडून पाहण्यास खाटदिवसच योग्य. त्यातच बिलांचा तक्ता 'जॉइन' करून जोडला, तर एका भरतीची चार बिले असल्यास ती भरती चारदा येते आणि आकडा विनाकारण फुगतो. मोठा आकडा कानाला गोड लागतो, म्हणून तो अधिकच तपासून घ्यावा.

याहून गंभीर बाब रिकाम्या रकान्याची. पेठ, त्र्यंबकेश्वर किंवा सुरगाणा तालुक्यातून रात्री तातडीने आणलेल्या रुग्णाजवळ तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला असेलच असे नाही. त्याचा उत्पन्नगट तोवर रिकामा राहतो. विदागाराच्या भाषेत हे 'नल': शून्य नव्हे, नकारही नव्हे, केवळ अज्ञात. 'निर्धन असलेले' विचारले तर हा रुग्ण येत नाही. 'निर्धन नसलेले' विचारले तरीही येत नाही. दोन्ही उत्तरांची बेरीज एकूण रुग्णसंख्येपेक्षा कमी भरते, आणि जो नाहीसा होतो तो बहुधा सर्वांत गरजू असतो.

त्याला शोधण्यासाठी 'इज नल' अशी स्पष्ट अट घालावी लागते. घरी सोडल्याची तारीखही रिकामी असावी, अशी दुसरी अट जोडली की आज वॉर्डात असलेले, पण उत्पन्नगट न ठरलेले रुग्ण समोर येतात. ही यादी वर्षअखेरीस काढून उपयोग नाही. रोज सकाळी ती वैद्यकीय समाजसेवकांच्या हाती पडली, तर बिल होण्यापूर्वी नातेवाइकांशी बोलता येते व कागदपत्रांची सोय करता येते.

जुन्या वर्षांची तुलना करताना आणखी एक भान हवे. २००६ च्या योजनेत निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २५ हजार रुपये व दुर्बल घटकांसाठी ५० हजार रुपये होती. पुढे ती वाढविण्यात आली. म्हणून मर्यादा प्रश्नात न लिहिता, लागू झाल्याच्या तारखेसह स्वतंत्र तक्त्यात ठेवणे श्रेयस्कर.

हे काम करणाऱ्यास केवळ वाचनाची परवानगी असलेले खाते द्यावे. 'अपडेट' या आज्ञेत 'व्हेअर' राहून गेले, तर एका क्षणात प्रत्येक रुग्णाची नोंद बदलते. मोजणीसाठी नावे लागतच नाहीत; ती मागूही नयेत.

या अहवालातील तक्त्यात रुग्ण, भरती व खाटदिवस असे तीन रकाने वेगळे दाखविले आहेत. चौथ्या रकान्याचे शीर्षक 'उत्पन्नगट नोंदलेला नाही' असे आहे.