फळी खाली आणा!

नवी मुंबईच्या कोपरखैरण्यात तीन टाकीपासून आतल्या गल्ल्यांमध्ये शिरलं की सिडकोच्या लहान घरांच्या रांगा लागतात. एपीएमसी मार्केटमध्ये पाठीवर गोण्या वाहणाऱ्या माथाडी कामगारांनी वसवलेला हा भाग. मूळच्या बैठ्या घरांवर आता दोन-तीन मजले चढले, पण जमीन होती तेवढीच आहे. त्यात आजी-आजोबा, शाळकरी मुलं, सातारा-सांगलीकडून आलेले पाहुणे, पाहुण्यांसाठी गाद्यांची चळत, गावाकडचं ज्वारीचं पोतं आणि जिन्याखाली सायकल!

अशा घरात मुलांसकट सगळ्यांचं नीट चालावं म्हणून काय करायचं? गंमत म्हणजे याची उत्तम उत्तरं बंगल्यांत सापडली नाहीत. ती सापडली कामगारांच्या चाळीत, आदिवासी पाड्यावर आणि हात पसरला की भिंतीला लागेल अशा स्वयंपाकघरात. सगळ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाची वस्तू मुलाच्या हाताला लागली पाहिजे.

रोमच्या चाळीतलं उघडं कपाट

माँटेसरी म्हटलं की आज महागडी फी डोळ्यांपुढे येते. पण डॉ. मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामगारांच्या चाळवजा इमारतीत सुरू झालं. आईबाप कामावर, पोरं दिवसभर मोकाट, इमारतीच्या भिंतींची दुर्दशा. वैतागलेल्या मालक कंपनीने एक खोली दिली आणि मुलांना सांभाळायचं काम माँटेसरींकडे आलं.

तिथलं साहित्य कपाटात कुलूपबंद असे. एके दिवशी शिक्षिका उशिरा आली आणि कपाट उघडंच राहिलेलं होतं. बघते तर मुलांनी हवं ते काढून घेऊन कामाला सुरुवातही केलेली. तिला वाटलं, ही चोरी. माँटेसरींना दिसलं, की मुलं आपापल्या आवडीनुसार निवड करताहेत. मग उंच कपाट जाऊन मुलांच्या उंचीची उघडी कपाटं आली. आज जगभरच्या बालवाड्यांत दिसणारी बुटकी मांडणी बाईंना उशीर झालेल्या त्या सकाळीतून निघाली आहे.

आपल्या घरात हे करायला सुतार लागत नाही. चार वर्षांचं मूल साधारण मीटरभर उंच असतं. त्याच्या खांद्याच्या उंचीवर दोन खुंट्या ठोका: एक दप्तराची, एक रेनकोटची. कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा त्याच्या कपड्यांचा. मांडणीच्या खालच्या फळीवर त्याची ताट-वाटी, पेला. बेसिनपाशी एक भक्कम स्टूल. बस! ‘आई, पाणी’, ‘आई, चड्डी’, ‘आई, माझी पेन्सिल’ या हाका एका आठवड्यात कमी होतात, कारण उत्तर त्याच्या हाताशी असतं.

कोसबाडचे शंख-शिंपले

आपल्याकडे ही दृष्टी ताराबाई मोडकांनी रुजवली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. सोबतीला अनुताई वाघ. परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून बिया, शंख-शिंपले, दगड, पानं हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात गेली. आज देशभर पसरलेल्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. महाराष्ट्राने जगाला दिलेल्या गोष्टींच्या यादीत मी हे फार वर ठेवेन.

म्हणून दोन वर्षांच्या पोराला खेळणी कमी पडताहेत असं वाटलं, तर आधी स्वयंपाकघराकडे बघा. स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं जुळवणं, वाट्या एकात एक बसवणं, राजमा आणि चवळी वेगळी करणं. शेवटचा खेळ मात्र कुणी समोर बसलेलं असतानाच. दाणा नाकात जायला वेळ लागत नाही.

चार की सोळा?

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी ३६ लहानग्यांना एकदा ४ खेळणी देऊन खेळू दिलं, एकदा १६. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरलं. सोळा असताना इकडून तिकडे नुसती धावाधाव.

याच अमेरिकेबद्दलचा दुसरा आकडा लॉस एंजेलिसच्या ३२ कुटुंबांची घरं वर्षानुवर्षं अभ्यासणाऱ्या संशोधकांच्या पुस्तकात आहे: जगातली ३.१ टक्के मुलं अमेरिकेत, पण जगातली ४० टक्के खेळणी तिथे विकत घेतली जातात. त्या घरांतल्या दर चारांपैकी तीन गॅरेजांत सामान इतकं, की गाडी आत जाईना. म्हणजे जागा मोठी असली की घर आवरलेलं राहतं, हा समज सोडूनच द्या.

तेव्हा खेळण्यांच्या तीन पिशव्या करा. एक बाहेर, दोन माळ्यावर. पंधरवड्याने अदलाबदल. माळ्यावरून उतरलेली जुनी गाडी मुलाला नव्यासारखी वाटते, आणि वाढदिवसाच्या ढिगातलं निम्मं तसंच वर ठेवता येतं.

शेजाऱ्यांशी अदलाबदल केली तर आणखी छान. लॉस एंजेलिसमध्येच १९३५ च्या मंदीत मुलं दुकानातून खेळणी करायचं सामान चोरू लागली, तेव्हा लोकांनी खेळणी उसनी देणारं ग्रंथालय काढलं. ते काम आजही चालू आहे. कोपरखैरण्याच्या गल्लीत दारं समोरासमोर आहेत. ग्रंथालय काढायचीही गरज नाही.

सत्तर चौरस फुटांचं स्वयंपाकघर

१९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट. आपल्या वन बीएचकेचं माप! घड्याळ लावून बाईची पावलं मोजली आणि ओटा, मोरी, शेगडी त्या हिशेबाने बसवली. बसायच्या खोलीकडे सरकतं दार ठेवलं, का तर काम करता करता मुलांवर नजर राहावी. पीठ, साखर, तांदूळ यांच्यासाठी नावं कोरलेले ॲल्युमिनियमचे खण. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली आणि आजची ट्रॉलीवाली किचनं त्यांच्याच वंशातली.

चूक कुठे झाली? ते खण चिमुरड्यांच्या हाताला सहज लागायचे. पुढे काय झालं असेल ते घरात रांगतं बाळ असलेल्याला सांगायला नको.

आपल्या जुन्या घरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता: दही-लोणी वर शिंक्यात. मांजरही पोचत नाही, पोरही नाही. (गोकुळातला एक मुलगा पोचला, पण त्याला खांदे द्यायला सवंगडी होते.) म्हणून खालच्या ट्रॉलीत पातेली, चाळण्या, प्लास्टिकचे डबे खुशाल ठेवा. फिनेल, ॲसिड, औषधं, काडेपेटी मात्र वर, कडीच्या आत. आणि एक गोष्ट अगदी कळवळून सांगते: फिनेल कधीही थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरू नका. मूल बाटली ओळखतं, आतलं ओळखत नाही. रिमोट आणि खेळण्यांतले बटणाएवढे सेलही तसेच. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजू शकतं. घरी उलटी करवत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं.

बारा मुलांची इंजिनीअर आई

लिलियन गिलब्रेथ यांना बारा मुलं झाली आणि त्या औद्योगिक इंजिनीअर होत्या. पायाने दाबून उघडायची कचरापेटी आणि फ्रिजच्या दारातले कप्पे, या दोन्ही सोयींचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांच्या न्हाणीघरात तक्ता लावलेला असे: दात घासले, आंघोळ झाली, अंथरूण आवरलं की ज्याने त्याने स्वतः सही करायची. सही करायला मुलांना भारी आवडतं. आपल्याकडे कालनिर्णयच्या शेजारी एक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल पुरते, फक्त कागद मुलाच्या नजरेच्या उंचीवर हवा.

पाठीचा हिशेब

माथाडी कामगारांना कायद्याचं संरक्षण मिळालं १९६९ मध्ये. त्यामागे अण्णासाहेब पाटलांचा लढा होता. गोणी पन्नास किलोहून जड नको, ही त्यांची जुनी मागणी. त्याच घरांतल्या नातवंडांच्या पाठीसाठीही आता नियम आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि बालवाडीला तर दप्तरच नको. वीस किलोच्या मुलीला दोन किलो. रविवारी दप्तर काट्यावर ठेवून बघाच! वेळापत्रक खुंटीजवळ चिकटवा आणि दप्तर रात्री तिलाच भरू द्या. आईने भरलं की ‘असू दे’ म्हणून सगळी पुस्तकं जातात.

भिंत रिकामी ठेवा

२०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात २४ बालवर्गीय मुलांना चित्रांनी खचाखच भरलेल्या वर्गात आणि साध्या वर्गात शिकवून पाहिलं. साध्या वर्गात ५५ टक्के उत्तरं बरोबर, सजवलेल्या वर्गात ४२ टक्के. फळांचे, प्राण्यांचे, इंग्रजी मुळाक्षरांचे तक्ते अभ्यासाच्या जागेसमोरून काढून बाजूच्या भिंतीवर लावा. वेगळी खोली नसली तरी साधी भिंत प्रत्येक घरात असते.

कपाट म्हणजे जिना

मुलांच्या लेखी कपाटाचे उघडे ड्रॉवर म्हणजे पायऱ्या. २०१६ मध्ये आयकिया कंपनीने अमेरिकेतून सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली, कारण ती अंगावर पडून मुलं दगावली होती. कपाट भिंतीला पट्टीने ठोकून टाका, टीव्हीही. अर्ध्या तासाचं काम आहे. खिडकीच्या ग्रिलजवळ दिवाण, खुर्ची, कुंडी असं चढण्याजोगं काही नको. न्यूयॉर्कमध्ये तर दहा वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या घराच्या खिडक्यांना जाळी लावून देणं १९७६ पासून मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे ग्रिल असतं, पण त्यात आगीच्या वेळी बाहेर पडायला उघडणारं दारही हवं, आणि त्याची किल्ली कुठे आहे हे घरातल्या मोठ्यांना पाठ हवं.

मारी कोंदोही थांबल्या

आवराआवरीची जगभर लाट आणणाऱ्या जपानच्या मारी कोंदो. तिसऱ्या मुलानंतर, २०२३ मध्ये त्यांनी सांगितलं की घर आवरलेलं ठेवण्याचा आग्रह आपण बराचसा सोडलाय. मला हे वाचून त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

घराबाहेरची खोली

नवी मुंबईच्या आखणीतलं मोठं नाव म्हणजे चार्ल्स कोरिया. आपल्या हवेत आकाशाखालची जागा हीसुद्धा खोलीच, असं ते मानत. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी सात-सात घरांच्या मध्ये ८ बाय ८ मीटरचं अंगण सोडलं. पोरं खेळायला बाहेर, पण घरातून दिसतील इतकी जवळ.

कोपरखैरण्यात ते काम गल्ली करते, आणि सेक्टर १४ चं निसर्ग उद्यान. आज मुलं जिथे धावतात तिथे कधीकाळी शहराचा कचरा पडत होता! संध्याकाळी दीड तास मुलं बाहेर गेली की घरातला निम्मा पसारा पडतच नाही, हे कुठल्याही कपाटाने जमत नाही. त्यासाठी दाराशी एक टोपली हवी: चेंडू, बॅट, स्केट्स, पाण्याची बाटली. बाहेरचं सामान दारातच थांबतं, धूळ आत येत नाही.

आणि दिवाळीच्या किल्ल्याचं सामान? मावळे, तोफा, महाराजांची मूर्ती, कागदी पुठ्ठ्याचे बुरूज. सगळं एका खोक्यात, वर मोठ्या अक्षरांत ‘किल्ला’ लिहून माळ्याच्या पार आतल्या कोपऱ्यात. पुढच्या वर्षी वसुबारसेच्या आधी कोणीही हाक न मारता मुलं स्वतःच स्टूल आणून ते मागतील. तेव्हा शिडीवर मात्र मोठ्यांनी चढायचं.