विश्लेषण : हिशेबाचा सर्व्हर अडला की अख्खा कारखाना का थांबतो?

यंत्रे चालू स्थितीत, कामगार हजर, वीज सुरळीत. तरीही टोयोटाचे जपानमधील सर्व १४ कारखाने २९ ऑगस्ट २०२३ रोजी बंद पडले. सायबर हल्ला झाला नव्हता. सर्व्हरच्या डिस्कवर जागा उरली नव्हती, एवढेच कारण होते. कारखान्यातील नियंत्रण यंत्रणा कार्यालयीन डेटाबेसशी आणि आता क्लाउडशी जोडण्याची लाट जगभर आहे. त्यातून फायदा मोठा होतो, पण एका बाजूचा बिघाड दुसऱ्या बाजूला पोहोचण्याचा मार्गही तयार होतो. ही जोडणी होते कशी आणि ती सुरक्षित कशी ठेवायची, याचा आढावा.

टोयोटात नेमके काय घडले?

सुट्या भागांची मागणी नोंदवणाऱ्या यंत्रणेची २७ ऑगस्टला नियमित देखभाल झाली. डेटाबेसमध्ये साठलेली माहिती पुसून तिची फेररचना करताना डिस्कवरील जागा संपली आणि यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हर होते, पण तेही त्याच प्रणालीवर चालत असल्याने त्यांचीही तीच गत झाली. टोयोटाची उत्पादनपद्धती ‘लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल’ या तत्त्वावर चालते. कारखान्यात मोठा साठा नसतो. मागणी नोंदवली गेली नाही की भाग येत नाहीत आणि भाग आले नाहीत की जुळणी थांबते. माहिती जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर हलवल्यावर दुसऱ्या दिवशी उत्पादन सुरू झाले.

यंत्रांचे आणि हिशेबाचे जग वेगळे कसे?

कारखान्यात मोटर, झडप, भट्टी यांना आज्ञा देणारा छोटा संगणक म्हणजे पीएलसी. सेन्सर वाचणे, निर्णय घेणे आणि आज्ञा देणे हे चक्र तो काही मिलिसेकंदांत पूर्ण करतो आणि वर्षानुवर्षे न थांबता तेच करत राहतो. अनेक पीएलसींची स्थिती एका पडद्यावर दाखवणारी आणि तिथून आज्ञा देऊ देणारी यंत्रणा म्हणजे स्काडा.

दुसऱ्या बाजूला ईआरपी असते. ऑर्डर, खरेदी, साठा, बिले, पगार या सगळ्यांचा हिशेब ती डेटाबेसमध्ये ठेवते. तिथे एखादी नोंद दोन मिनिटे उशिरा झाली तरी बिघडत नाही. भट्टीच्या नियंत्रणात मात्र दोन सेकंदांचा उशीरही महागात पडू शकतो. कार्यालयातील संगणक दर महिन्याला अपडेट करून पुन्हा सुरू करता येतो. अखंड चालणाऱ्या रासायनिक प्रक्रियेचा पीएलसी तसा बंद करता येत नाही. वार्षिक देखभालीपर्यंत थांबावे लागते. म्हणूनच अनेक ठिकाणी १५-२० वर्षांपूर्वीची उपकरणे आजही कामावर असतात.

मग जोडायचे कशाला?

जोडणी नसेल तर पर्यवेक्षक पाळीअखेर वहीत आकडे लिहितो, कुणीतरी ते एक्सेलमध्ये भरतो आणि व्यवस्थापनाला कालचा तोटा आज कळतो. जोडणी असेल तर एका टन मालामागे किती वीज लागली, कोणते यंत्र किती वेळ रिकामे उभे होते, सदोष माल कोणत्या पाळीत वाढला, हे लगेच दिसते. पंपाची थरथर हळूहळू वाढत असल्याचे क्लाउडवरील विश्लेषणातून लक्षात आले, तर तो मोडण्याआधीच बेअरिंग बदलता येते. औषधाच्या एखाद्या बॅचबद्दल तक्रार आली, तर त्या दिवशीचे तापमान आणि दाब काही मिनिटांत काढता येतात.

जोडणी प्रत्यक्षात कशी होते?

सहसा पीएलसी थेट डेटाबेसला जोडत नाहीत. मधे काही टप्पे असतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पीएलसींच्या ‘भाषा’ वेगळ्या असतात. त्यांना एका समान भाषेत आणण्यासाठी १९९६ मध्ये ओपीसी हे मानक आले. ओपीसी-यूए ही त्याची पुढची, अधिक सुरक्षित आवृत्ती. तिथून माहिती ‘हिस्टोरियन’ या खास डेटाबेसमध्ये जाते. प्रत्येक आकडा वेळेसह साठवणे हे त्याचे काम. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे बदलले तरच नवी नोंद करायची, अशी सोय त्यात असते. त्यामुळे हजारो सेन्सरची वर्षांची माहिती मावते.

क्लाउडसाठी बहुतेकदा एमक्यूटीटी ही हलकी पद्धत वापरतात. ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. उपग्रहावरून माहिती पाठवणे महाग होते, म्हणून संदेश शक्य तितके छोटे ठेवले गेले. कारखान्यातील ‘गेटवे’ हा संगणक माहिती गोळा करून क्लाउडकडे पाठवतो. इंटरनेट तुटले तर तो माहिती साठवून ठेवतो आणि जोडणी परतल्यावर पुढे धाडतो.

खरी कसरत पुढे असते. पीएलसी फक्त ‘टीआय-१०१ : ८४.६’ एवढेच सांगतो. हे कोणत्या भट्टीचे, सेल्सिअस की फॅरनहाइट आणि त्या वेळी कोणती बॅच चालू होती, हे त्यात नसते. हा संदर्भ जोडल्याशिवाय ईआरपीला तो आकडा निरुपयोगी ठरतो. शिवाय यंत्राचे घड्याळ आणि सर्व्हरचे घड्याळ यांत चार मिनिटांचा फरक असेल, तर दोष भलत्याच बॅचच्या माथी बसतो.

धोका कुठून येतो?

पीएलसींमध्ये आजही सर्रास वापरली जाणारी मॉडबस ही पद्धत १९७९ ची आहे. मूळ मॉडबसमध्ये पासवर्डची सोयच नाही. आज्ञा कोणी दिली हे यंत्र विचारत नाही. नेटवर्क कारखान्याच्या भिंतीआडच राहणार, हे तेव्हा गृहीत होते. आता त्याच भिंतीत दारे पडत आहेत.

युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ रोजी त्याचा प्रत्यय आला. हल्लेखोर वीज वितरण कंपन्यांच्या कार्यालयात साध्या ईमेलमधून शिरले. तिथून त्यांनी नियंत्रण कक्षात जाण्याचे अधिकार मिळवले आणि उपकेंद्रांचे ब्रेकर उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर बसवले, म्हणून काही तासांत वीज परतली.

इंटरनेटपासून तोडले की प्रश्न मिटला, असेही नाही. २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातील पीएलसींपर्यंत पोहोचला. ते केंद्र इंटरनेटला जोडलेले नव्हते आणि स्टक्सनेट पेनड्राइव्हमधूनही पसरत होता.

यंत्रे शाबूत, तरी काम ठप्प?

अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन हे त्याचे ठळक उदाहरण. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के इंधन या वाहिनीतून जाते. ७ मे २०२१ रोजी खंडणीखोरांनी कंपनीच्या कार्यालयीन यंत्रणा कुलूपबंद केल्या. वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्याचा पासवर्ड त्यांच्या हाती लागला होता. लागण पुढे पसरू नये म्हणून कंपनीने स्वतःच वाहिनी बंद केली. पाच दिवसांनी ती सुरू झाली, तोवर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजली.

टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरला २०२५ मध्ये याहून मोठा फटका बसला. सायबर हल्ल्यानंतर १ सप्टेंबरपासून उत्पादन थांबले, ते ८ ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरच्या अंदाजानुसार अर्थव्यवस्थेचे १.९ अब्ज पौंडांचे नुकसान झाले आणि पाच हजारांहून अधिक संस्थांना झळ बसली. त्यात छोटे पुरवठादारही होते. मोठी कंपनी महिनाभर तग धरते. तिला बोल्ट आणि नळ्या पुरवणाऱ्या लघुउद्योजकाला मात्र पुढच्या पगाराची चिंता असते. ब्रिटिश सरकारने १.५ अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली, ती याच साखळीला सावरण्यासाठी.

भारतात काय अनुभव?

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मर्स्क समूहाच्या यंत्रणा जगभर बंद पाडल्या. त्यात उरणजवळच्या जेएनपीटीतील, याच समूहामार्फत चालणारे टर्मिनलही होते. क्रेन जागच्या जागी होत्या. कोणता कंटेनर कुठे आणि कुणाचा, हे सांगणारी यंत्रणा बंद होती. मालवाहू ट्रक खोळंबले.

कुडनकुलम अणुऊर्जा केंद्रात २०१९ मध्ये उलटे चित्र दिसले. प्रशासकीय नेटवर्कवरील एका संगणकात विषाणू आढळल्याचे अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले. मात्र नियंत्रणाचे नेटवर्क त्यापासून अलग असल्याने संयंत्रावर परिणाम झाला नाही, असेही महामंडळाने स्पष्ट केले. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीज गेली, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता वर्तवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नियंत्रण यंत्रणा इंटरनेटला जोडलेल्या यंत्रणांपासून अलग ठेवणे त्यात अपेक्षित आहे. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत देणे बंधनकारक आहे.

उपाय काय?

पहिला नियम म्हणजे मधली मोकळी जागा. नियंत्रण नेटवर्क आणि कार्यालय यांच्यामध्ये स्वतंत्र पट्टा ठेवायचा. दोन्ही बाजूंनी तिथेच देवाणघेवाण करायची, थेट कुणीच पलीकडे जायचे नाही. दुसरा, माहिती बाहेर जाऊ द्यायची, पण आज्ञा आत येऊ द्यायची नाही. अतिसंवेदनशील ठिकाणी यासाठी ‘डेटा डायोड’ लावतात. त्यात प्रकाश एकाच दिशेने जातो, त्यामुळे उलटा संदेश पाठवणे भौतिकदृष्ट्याच अशक्य होते. तिसरा, यंत्र दुरुस्त करणाऱ्या कंपनीला दूरस्थ प्रवेश कायमचा न देता गरजेपुरता आणि दुहेरी पडताळणीनेच द्यायचा. लहान कारखान्यांत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथेच.

चौथा नियम टोयोटा शिकवून गेली. पर्यायी सर्व्हर मूळ सर्व्हरच्याच चुकीने पडणार असेल, तर तो पर्याय नव्हे. पाचवा नियम सर्वांत जुना आहे, हाताने काम चालवण्याची सवय. नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर मार्च २०१९ मध्ये हल्ला झाला, तेव्हा तिने खंडणी नाकारली आणि अनेक ठिकाणी कागदावरच्या सूचनांवर काम चालू ठेवले. ते शक्य झाले, कारण हाताने यंत्र चालवणारी माणसे तिच्याकडे होती. क्लाउडचा करार करताना कारखान्यांनी एक प्रश्न आधी विचारायला हवा : उद्या ही जोडणी तुटली, तर आपली पाळी किती तास चालेल?