कडेचं ताट

माण तालुक्यातल्या म्हसवडच्या माळावर शाळू काढणीला आला की एखाद्या सकाळी कृषी सहायक किंवा तलाठी टेप, सुतळी आणि चार खुंट्या घेऊन शेतात शिरतो. गट नंबर आधीच सोडतीसारखा निघालेला असतो. त्यात मालकाची पसंती चालत नाही, साहेबाचीही नाही. ठरलेल्या कोपऱ्यापासून पावलं मोजायची, दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, कणसं मळायची आणि वजन घ्यायचं. गावाची पैसेवारी 50 पैशांच्या वर की खाली, विम्याचा पैसा येणार की नाही, हे असल्या वजनांवर ठरतं. त्यामुळे बांधावरच्या सगळ्यांची नजर सुतळीवर. एखादं ताट नेमकं तिला घासून उभं असतं. ते आतलं धरायचं की बाहेरचं? नियम सोपा आहे, बुडखा आत तर ताट आत. पण वाकून बुडखा बघायचा कंटाळा कुणाला येत नाही?

या कंटाळ्याचं गणित मांडणारा माणूस इथून पश्चिमेला, शेजारच्या खटाव तालुक्यातला. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म बुध गावी, 27 जुलै 1911. माण आणि खटाव, दोन्ही पर्जन्यछायेतले. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलावसुद्धा 1876-77च्या दुष्काळी कामातला. सुखात्मे फर्ग्युसनमधून गणित घेऊन 1932 साली पदवीधर झाले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी 1934 मध्ये नमुना पाहणीचा पाया नव्याने घातला, त्याच सुमाराला हा विद्यार्थी तिथे होता. 1936 ला पीएच.डी., पुढे डी.एस्सी., मग कलकत्त्याच्या आरोग्य संस्थेत संख्याशास्त्राची प्राध्यापकी. ती थोडक्यातच आटोपली. 1940 साली ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत गेले आणि त्यांचा खरा वर्ग शेतात भरू लागला.

तेव्हा बंगालात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस काही फुटांच्या लहान वर्तुळातलं पीक कापून उत्पादनाचा अंदाज काढत होते. लहान तुकडा स्वस्त, म्हणून जास्त ठिकाणी कापता येतो. सुखात्म्यांनी 1946 साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की लहान तुकड्यातून उत्पादन फुगून येतं. हिशोब करून बघा. 4 फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्र साधारण 50 चौरस फूट आणि परीघ 25 फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे अर्धा फूट कड. आजच्या दहा बाय पाच मीटरएवढ्याच, 33 बाय साडेसोळा फुटांच्या तुकड्यात, एकराच्या ऐंशीव्या भागात, तीच कड पाचव्या हिश्शाहूनही कमी. आणि कडेचं ताट माणूस सहसा आतच ओढतो. महालनोबिसांच्या बाजूचं म्हणणं होतं की माणसं नीट शिकवली की ही चूक आवरते. ते खोटं नव्हतं, पण लाखो शेतांवर शिकवलेली माणसं आणायची कुठून? इथे मी सुखात्म्यांच्या बाजूचा.

1951 मध्ये ते रोमला, अन्न व कृषी संघटनेत गेले. जगातली दोनतृतीयांश माणसं भुकेली असल्याचं तेव्हा सर्रास बोललं जाई. सुखात्म्यांनी 1961 साली हिशोब मांडला: पोटभर न मिळणारे दहा ते पंधरा टक्के, निकस आहार धरला तर निम्म्यापर्यंत. या कामासाठी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना रौप्यपदक दिलं.

खरा खटका पुण्यात उडाला, निवृत्तीनंतर. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोजच्या 2250 कॅलरींवर दारिद्र्यरेषा ओढली होती. सुखात्मे म्हणाले, गरजेच्या सरासरीवर रेषा ओढली तर धडधाकट, जेवून तृप्त असलेल्या समाजातलेही निम्मे लोक तिच्याखाली सापडतील. रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. इथवर ठीक. पण पुढे पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्जेन यांच्यासोबत त्यांनी असंही मांडलं की एकाच माणसाची गरज दिवसागणिक वरखाली होते आणि शरीर ती आपोआप सांभाळून घेतं. दांडेकरांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तून कडक उत्तरं दिली, सी. गोपालन यांच्यासारखे आहारतज्ज्ञही बिथरले. मलाही ते पटत नाही. शाळूचं ताट सुतळी बघून बुटकं होत नाही. माणूस होतो: पोर खुरटतं, बाई काम कमी करते, आणि कागदावर सगळं सांभाळलं गेलेलं दिसतं.

सुखात्मे 28 जानेवारी 1997 रोजी पुण्यात वारले. अन्न व कृषी संघटना आजही भुकेल्यांचा आकडा काढते तो त्यांच्या 1961च्या मांडणीतून वाढलेल्या रीतीने. तिच्यातली रेषा सरासरीवर नसते, किमान गरजेवर असते.